व्हिक्टर लॉन्ड्रीसमोर

माझ्या पत्त्यात व्हिक्टरचं नाव आहे, हे माझं जुनं दुखणं. काशीराम घाडीगावकर, खोली नंबर नऊ, साईकृपा, मरोळ नाका, इथपर्यंत सगळं माझं. पण त्यापुढे 'व्हिक्टर लॉन्ड्रीसमोर' असं लिहिलं नाही, तर पत्र येत नाही. आमच्या रस्त्यावर साईकृपा नावाच्या तीन इमारती आहेत आणि शिवाय एक पिठाची गिरणी. एकदा माझा विम्याचा कागद आठ दिवस गिरणीत पडून होता आणि परत आला तेव्हा त्याला बाजरीचा वास येत होता. व्हिक्टर लॉन्ड्री मात्र अख्ख्या मरोळात एकच.

आता, ज्या माणसाशी आपण सात वर्षं बोलत नाही, त्याचं नाव प्रत्येक पाकिटावर आपल्याच हाताने, सुवाच्य अक्षरात लिहावं लागणं ही काय शिक्षा आहे, ते ज्याचं त्यालाच कळेल. भांडणाला कारण होतं. एकोणऐंशी साली माझ्या हेडक्लार्कच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी व्हिक्टरने माझ्या पांढऱ्या टेरिलिनच्या शर्टावर, बरोबर पाठीच्या मध्यभागी, इस्त्रीचा ठसा उठवला. भर मे महिन्यात मी वर कोट चढवून मुलाखतीला गेलो. साहेबांना वाटलं, माणूस शिस्तीचा दिसतो. बढती मिळाली. ती मिळाली म्हणून मी शर्टाचं विसरूनही गेलो असतो, पण व्हिक्टर नाक्यावर सांगत सुटला, "घाडीगावकरला हेडक्लार्क मी केला. नुसत्या शर्टावर गेला असता तर मेला होता." त्या दिवसापासून आमचे कपडे नाक्यापलीकडच्या लॉन्ड्रीत जातात. माझी बायको वनमाला नेते. लांब पडतं, पण स्वाभिमान म्हणून काही चीज आहे की नाही?

तर आमच्या सुलक्षणेची गोष्ट. मुलगी बी. कॉम. झाली, अंधेरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत दोन वर्षं नोकरी केली, आणि शहाऐंशीच्या सुरुवातीला एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, मला अमेरिकेत ॲडमिशन मिळालीय. बिझनेसची मास्टर्स. तीन ठिकाणी."

मी आमटीचा भुरका मारत होतो, तो अर्ध्यात राहिला. ही परीक्षा कधी देऊन आली, अर्ज कधी केले, मला पत्ता नाही. म्हणजे मला सांगितलं होतं म्हणे, पण मी पेपर वाचत होतो. पैशांचंही तिने स्वतःच जुळवलं होतं. कॉलेज अर्धी फी सोडणार, उरलेल्याला कर्ज. माझ्याकडून हवी होती फक्त एक सही. मुलीला पाठवायला माझी संमती आहे आणि मी तिच्या पाठीशी उभा आहे, अशा प्रतिज्ञापत्रावर. सही केलेला कागद पंधरा मेच्या आत तिकडे पोचायला हवा, नाहीतर जागा गेली.

मग तिने पलंगाखालून तीन माहितीपुस्तकं काढली. मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पंपांच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. चोवीस वर्षं माल बांधून रवाना करणं हाच माझा धर्म. त्यामुळे पुस्तकं बाजूला राहिली, मी आधी ती ज्या पुठ्ठ्यात आली तो पुठ्ठाच बघत बसलो. काय दुमडला होता! एक कोपरा चेपलेला नाही. सात समुद्र ओलांडून माल आला आणि कोपरा शाबूत! आमचे पंप इथून भिवंडीला जाईपर्यंत रडकुंडीला येतात. ज्या देशाला पुठ्ठा असा दुमडता येतो त्या देशात मुलगी गेली तर काही वाईट होणार नाही, असं मला एक क्षण वाटून गेलं.

आतली पुस्तकं तर विचारू नका. कागद असा गुळगुळीत की बोटाचा डाग पडेल म्हणून वनमालेने आधी हात धुऊन घेतले. कॉलेजांची नावं आमच्या जिभेला झेपेनात, म्हणून घरात निळं, मरून आणि हिरवं अशीच नावं पडली. हां हां म्हणता इमारतीत बातमी गेली आणि दर्शनाला माणसं येऊ लागली. खालच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई चप्पल दाराबाहेर काढून आल्या, निळ्यातलं ग्रंथालयाचं चित्र बघत बसल्या आणि जाताना नकळत पुस्तकाला नमस्कार करून गेल्या. मीही रोज संध्याकाळी एकेक चित्र बघायचो. हिरवळीवर पोरं पालथी पडून वाचतायत आणि त्यांना कोणी उठवत नाही! मी माझ्या उभ्या आयुष्यात गवतावर पालथा पडलेलो नाही.

सल्ले अर्थातच सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचा हेन्री हा परदेशाच्या बाबतीत आमच्याकडचा शेवटचा शब्द. त्याने सांताक्रूझच्या विमानतळावर सत्तावीस वर्षं आगीचा बंब चालवला, आणि एवढ्या वर्षांत एकही विमान पेटलं नाही याची त्याला थोडी खंतच आहे. तो म्हणाला, "काशीराम, मी सगळी विमानं बघितलीत, पोटाखालून. मरूनवालं शहर मोठं आहे, तिकडे डायरेक्ट जातं. हिरव्याकडे जायला दोनदा बदलावं लागेल. पोरीला दोनदा बदलायला लावतोस?"

"हेन्री, तू कधी बसलास विमानात?"

"बसायला कशाला पाहिजे? बंबवाल्याला बाहेरूनच कळतं सगळं."

मी मात्र सहीचं काही बोलत नव्हतो. प्रतिज्ञापत्र करायला म्हणून अंधेरीच्या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो. त्याने टाइपरायटरवर कागद चढवून विचारलं, "कसलं? नावबदल, वारस, की रेशनकार्ड हरवलं?"

"मुलगी अमेरिकेला शिकायला चाललीय."

"त्याचा फॉरमॅट नाय आपल्याकडे," म्हणून त्याने जरा विचार केला आणि रेशनकार्डाचाच फॉरमॅट घेतला. घरी येऊन बघतो तर मजकूर: 'सदर मुलगी हरवलेली नसून माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेस जात आहे, सापडल्यास त्वरित कळवीन.' पुन्हा गेलो. दुसऱ्या कागदात मी मयत होतो. तिसरा बरोबर निघाला, तो मी कपाटात साड्यांखाली ठेवला आणि म्हटलं, बघू.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ते बोलून दाखवण्यापेक्षा मी म्हणालो, "चौकशी नको करायला?" हा शब्द आमच्याकडे फार कामाचा आहे. चौकशी चालू आहे म्हटलं की कोणालाही नाही म्हणावं लागत नाही.

आणि चौकशी म्हणजे आमचे धोंडूमामा. वनमालेचे मामा, घाटकोपरला राहतात, ज्ञातिमंडळाची वधूवरांची वही त्यांच्याकडे असते. एकशे चौदा लग्नं जमवली, एकही मोडलं नाही. रविवारी ते आले, पत्रिका वाचायचं भिंग काढलं आणि तिन्ही पुस्तकं समोर मांडून बसले. आतला मजकूर त्यांनी वाचलाच नाही.

सुलक्षणा म्हणाली, "मामाआजोबा, यात सगळं दिलंय. प्राध्यापक कोण, नोकऱ्या किती जणांना लागल्या."

"ता घरचा म्हणणा झाला," मामा म्हणाले. "घरातली माणसा आपल्या झिलाक वायट म्हणतली काय? इचारूचा ता समोरच्या दुकानदाराक. तो दिसभर बसान बघता. कोण येता, कोण जाता, कोणाचा तोंड हसरा आसा. माका फाटकाचो फोटो दाखव."

आणि मामांनी खरोखरच तिन्ही कॉलेजांची फाटकं भिंगाखाली घातली. मरूनच्या फाटकासमोर मैलभर नुसती मोटारी लावायची जागा होती. "हेका शेजारी नाय," मामा म्हणाले. "ज्येका शेजारी नाय त्येची चवकशी कशी करतलंस?" निळ्याच्या समोर गवतात ओळीने पांढरे दगड दिसत होते. मामांनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं, आणि एकदम मिटलं. "समशान! चेडू समशानासमोर धाडतंस?"

"मामाआजोबा, पण ते नंबर वन..."

"आसांदे. थयसून उत्तर कोण देतलो?"

हिरव्याच्या फाटकासमोर मात्र एक दुकान होतं. लाल विटांचं, बुटकं, बाहेर फावडी आणि बादल्या मांडलेल्या. भिंगातून पाटी वाचता आली: डनहॅम हार्डवेअर. मामांनी समाधानाने पुस्तकावर बोट ठेवलं. "ह्येका लिव."

मुलीने कपाळाला हात लावला. "बाबा, प्लीज. लोक हसतील तिकडे."

मला तिचं पटत होतं. पण एक तर मामांच्या एकशे चौदा लग्नांपुढे माझं काय चालणार, आणि दुसरं म्हणजे पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिना जाणार होता. तेवढा महिना मला हवा होता.

पत्र मी कारखान्यातल्या पद्धतीने लिहिलं, कारण मला दुसरं इंग्रजी येत नाही. 'मालक, डनहॅम हार्डवेअर, कॉलेजच्या मुख्य फाटकासमोर' असा पत्ता घातला. 'आपल्या दुकानासमोरील संस्थेसंदर्भात खालील तपशील कळवून उपकृत करावे.' सदर संस्थेस आपण किती वर्षे ओळखता? सुटण्याच्या वेळी मुले हसत बाहेर पडतात की मान खाली घालून? दूर देशच्या मुलींशी गावातली माणसे कशी वागतात? इथवर लिहून झालं आणि पेन थांबलं. मग चौथा प्रश्न लिहिला, तो कारखान्याच्या भाषेतला नव्हता. 'एखाद्या दिवशी माझी मुलगी दिसली नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल का?'

सोबत उत्तरासाठी पाकीट जोडलं. त्यावर स्वतःचा संपूर्ण पत्ता, अर्थातच 'व्हिक्टर लॉन्ड्रीसमोर' सकट, आणि वर आपली भारतीय तिकिटं चिकटवली. ती अमेरिकेत चालत नाहीत हे मला हेन्रीने पत्र पेटीत पडल्यावर सांगितलं. सत्तावीस वर्षं विमानतळावर काढलेल्या माणसाने हे जरा आधी सांगायला हरकत नव्हती.

आता इमारतीत माझी टिंगल सुरू झाली. जिन्यात कोणीही भेटलं की, "काय घाडीगावकर, फावडेवाल्याचं पत्र आलं?" कारखान्यात एकाने विचारलं, अमेरिकन मुलगा बघायचा झाल्यास कुठल्या हार्डवेअरवाल्याला लिहावं? मी वरून हसत होतो आणि आतून तडफडत होतो.  एका संध्याकाळी मीच सुलक्षणेला विचारलं, "तुला स्वतःला कुठलं हवंय?"

"हिरवं."

"मामांनी सांगितलं म्हणून?"

"छे! मी आधीपासूनच तेच धरून होते," म्हणून तिने हिरव्यातलं एक पान काढलं. तिथे एक अख्खा अभ्यासक्रम होता: माल कारखान्यातून निघून गिऱ्हाइकापर्यंत पोचतो कसा. गाडीत काय आधी भरायचं, कुठल्या वाटेने न्यायचं, गोदाम कुठे बांधायचं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी चोवीस वर्षं जे करतो आहे, ज्याला आमच्या कारखान्यात पंख्याखाली खुर्चीसुद्धा मिळत नाही, ते शिकवायला तिथे सहा प्राध्यापक ठेवले होते!

"लहानपणी शनिवारी तुम्ही मला डिस्पॅचला न्यायचात ना," ती म्हणाली. "जो खोका आधी उतरायचा तो शेवटी चढवायचा, असं सांगितलं होतंत. मला ते इतकं भारी वाटलं होतं. मला तेच शिकायचंय बाबा, पण मोठं."

 मला माझ्याच मुलीचा दरारा वाटला. तरीही सही केली नाही. भीती कुठे कौतुकाने जाते?

मार्चच्या शेवटी उत्तर आलं. खरोखर आलं! पाकीट माझंच होतं, आपल्या तिकिटांची जागा नीट कापून घेतलेली आणि शेजारी अमेरिकन तिकिटं लावलेली.  एका लोखंडाच्या दुकानदाराने, ज्याचं माझं काही देणंघेणं नाही, मला दोन पानं भरून लिहिलं होतं. डनहॅम लिहीत होते की तिकिटं नातीने ठेवून घेतली, राग नसावा. ते एकेचाळीस वर्षं त्या फाटकासमोर बसतात, पण असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मुलं ऑक्टोबरपर्यंत हसत बाहेर पडतात, परीक्षेच्या दिवसांत मान खाली घालून, आणि बर्फात फावडी विकत घेताना सगळी सारखीच दिसतात. गावातली माणसं बरी आहेत, फक्त प्रश्न फार विचारतात.

'चौथ्या प्रश्नासाठी मी तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं. आमच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे. मुलगी तिथे राहिली तर ती दिसली नाही हे आमच्या लक्षात येईल. पण बायको म्हणते, तुमची पद्धत चांगली आहे, आपणही चौकशी केली पाहिजे. म्हणून याच टपालाने तुमच्या घरासमोरच्या दुकानाला पत्र पाठवलं आहे. पत्ता तुमच्या पाकिटावर होताच.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. धोंडूमामांना बोलावून घेतलं, ते उलट खूष झाले. "चांगली माणसा! उलट चवकशी करतत, म्हणजे घराणा चांगला." पण उलट चौकशी कोणाकडे गेली, ते मामांना कुठे माहीत होतं? सुलक्षणेची खोली, सुलक्षणेचं कॉलेज, माझी अब्रू, सगळं एका परटाच्या टेबलावर जाऊन पडलं होतं.

खिडकीचा पडदा बाजूला करून मी बघितलं. व्हिक्टर इस्त्री करत होता. अमेरिकेहून पत्र आलेल्या माणसासारखा अजिबात दिसत नव्हता.

"जाऊन बोला ना एकदा," वनमाला म्हणाली.

"मी? सात वर्षांनी? आता गरज पडली म्हणून? काय म्हणेल तो?"

"काय म्हणायचं ते तिकडे लिहील," ती म्हणाली आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन लगबगीने बाहेर पडली. मला तेव्हाही कळलं नाही.

पुढचे चोवीस दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. रोज सकाळी सुलक्षणेला बसथांब्यावर सोडायला जायचो तेव्हा लॉन्ड्रीकडे पाठ करून उभा राहायचो. पाठीला त्याची नजर बरोबर कळायची, नेमकी जिथे सात वर्षांपूर्वी डाग पडला होता तिथे. मनात त्याचं पत्र मीच रचत होतो: माणूस तापट, गर्विष्ठ, लोकांचे उपकार विसरणारा. त्यातलं खोटं एकही नव्हतं, हीच पंचाईत होती.

बावीस एप्रिलला दुसरं पाकीट आलं. डनहॅमनी फक्त चार ओळी लिहिल्या होत्या: खोली मुलीसाठी राखून ठेवली आहे, सोबतचा कागद तुम्हीही वाचावा असं बायकोला वाटतं. सोबत व्हिक्टरच्या पत्राची झेरॉक्स होती. व्हिक्टरचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे आणखी एक नव्याने कळलं. मी खुर्चीत बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत करून वाचू लागलो.

'मुलगी हुशार आहे आणि साधी आहे. दुकानावरून जाताना अंकल म्हणून हाक मारते, बापाला आवडत नाही हे माहीत असून मारते. आई सोन्यासारखी. बापाशी माझं सात वर्षं बोलणं नाही. चूक माझी होती, शर्ट मी जाळला आणि वर चेष्टा केली. तेव्हापासून त्याची बायको त्याचे कपडे मागच्या दाराने माझ्याकडेच आणते. त्याला माहीत नाही. त्याच्या कॉलरींना मी स्वतः इस्त्री करतो, कोणाला हात लावू देत नाही.'

मी वनमालेकडे बघितलं. ती भाजी निवडत होती, आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत होती.

पुढचं मला मोठ्याने वाचता आलं नाही, म्हणून सुलक्षणेने कागद घेतला. 'हा माणूस रोज सकाळी मुलीला बसथांब्यावर सोडतो. बस निघाली तरी जात नाही. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो. पाऊस असो, काही असो. मी रोज बघतो. अशा माणसाने मुलगी तुमच्याकडे पाठवली तर तो काय पाठवतो आहे ते समजून घ्या. एवढंच सांगायचं होतं.'

 मी तुमच्यापासून काय लपवू, मला हुंदका आला. जो माणूस माझ्या पाठीकडे बघून हसतोय असं मी समजत होतो, तो सात वर्षं माझी पाठ राखून होता. मी उठलो, साड्यांखालचा कागद काढला आणि सही केली. एवढी वळणदार सही मी मुलाखतीच्या वर्षीसुद्धा केली नव्हती. कागद पुठ्ठ्यात घातला, तो अमेरिकन पद्धतीने दुमडला आणि एकही कोपरा चेपू दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, लगेच समोर जाऊन व्हिक्टरला मिठी मारली असेल. नाही. पत्र त्याने मला लिहिलं नव्हतं, मग मी वाचलंय हे कबूल कसं करायचं? सहीचा कागद वेळेत पोचला, पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, आणि मी रोज पडद्याआडून समोर बघत राहिलो. पुढे कुठलंच पाऊल पडलं नाही. ऑगस्टमध्ये हेन्री स्वतः विमानतळापर्यंत आला, कुठलं विमान तिचं ते त्याने बाहेरूनच ओळखलं, आणि ते चुकीचं निघालं. सुलक्षणा गेली. दोनदा बदलून, हिरव्या कॉलेजसमोरच्या खोलीत नीट पोचल्याची तार आली.

त्या सोमवारी सकाळी मी डबा घेऊन निघालो. माझा कारखाना उलट दिशेला, चालत दहा मिनिटांवर. पण पाय आपसूक बसथांब्यावर गेले. बस आली. माणसं चढली. बस निघाली, आणि मी वळणापर्यंत बघत राहिलो. ती दिसेनाशी झाली तरी मला तिथून हलता येईना.

"घाडीगावकर," मागून आवाज आला. "गेली रे बस. उभा काय राहिलास? चहा ठेवलाय, ये."

मी रस्ता ओलांडला. व्हिक्टरने स्टुलावरचं गाठोडं उचलून मला जागा केली. त्या गाठोड्यात माझा निळा शर्ट वर दिसत होता. त्याने बघितलं, मी बघितलं, दोघांनीही विषय काढला नाही. त्या स्टुलावर बसलं की आमची खिडकी, जिना आणि बसथांबा, सगळं सरळ समोर दिसतं. एवढ्या वर्षांत मी माझं घर त्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं.

चहा गोडमिट्ट होता. पहिल्याच दिवशी काही बोललो नाही. म्हटलं, सांगू सावकाश, आता रोजच यायचंय.